उघड्या मोटारीचं हँडल

१९३४ सालचा फाल्गुन. पावसचे बागायतदार आत्माराम शेट्ये आदल्याच दिवशी बोटीने मुंबईहून परतले होते. सकाळी जुनी उघडी मोटार विकायची, तर तिचं हँडल गायब. ते फिरवल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. आलेलं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं आणि शेट्यांनी रत्नागिरीहून गुप्तहेर गंगाराम सुर्व्यांना बोलावून घेतलं.

सुर्व्यांबरोबर त्यांचा मित्र विठूही आला. घरापुढच्या खळ्यात शेट्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. नवी चार दारांची, छपराची, बटण दाबलं की सुरू होणारी. विठूला तीच पसंत पडली. जुनी तांबडी, लांब नाकाची, दोघांपुरती. ऊन, वारा, धूळ सगळं आत.

शेट्यांचा संशय ड्रायव्हर केरूवर होता. त्याचा जुन्या गाडीवर जीव. संध्याकाळपर्यंत हँडल मिळालं नाही तर त्याला काढायचं त्यांनी ठरवलं होतं.

केरू ताडमाड माणूस. नव्या गाडीत डोकं छताला टेकायचं. "मी नाय घेतलं," एवढंच तो म्हणाला. मालक मुंबईत असताना जुनी गाडी कोणी चालवली, असं विचारताच मात्र त्याने मान खाली घातली.

शेट्यांची बायको यमुनाबाई चहा घेऊन आल्या. बाई ठेंगण्या, केसांत सुरंगीचा गजरा, उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं. हंडा उचलताना मुरगळलं म्हणाल्या. जुन्या गाडीत धुळीने लुगडी खराब होतात, वर्षभरात आपण तिच्यात पाऊल टाकलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

सुर्वे जुन्या गाडीपाशी गेले. ड्रायव्हरच्या जागेवर जाड उशी होती, उशीमागे सुरंगीची कालपरवाची दोन फुलं. बसायला मऊ म्हणून उशी ठेवली असेल, असं विठूला वाटलं.

मग सुर्व्यांनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं.

"केरूला उशी कशाला? तिच्यावर बसला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागतील. ही गाडी कुणीतरी ठेंगण्या, सुरंगी माळणाऱ्या माणसाने चालवलीय. हँडल उलटं फिरलं की झटका मनगटाला बसतो. शिकवलं केरूने, म्हणून तो गप्प. आणि हँडल लपवलं, ते गाडी विकली जाऊ नये म्हणून. वहिनी, माझं काही चुकलं?"

"नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "हँडल तांदळाच्या कणगीत आहे. केरूला ते ठाऊक नव्हतं, त्याला घालवू नका." मग नवऱ्याकडे न बघता त्या पुढे बोलल्या, "बंद गाडीत मी सामानासारखी मागे बसते. या गाडीत चाक माझ्या हातात असतं."

आता बाईंची धडगत नाही, असं विठूच्या मनात आलं. पण शेट्ये उठले, त्यांनी केरूच्या पाठीवर हात ठेवला आणि हँडल आणून गाडी सुरू करून द्यायला सांगितलं. स्वतः डावीकडच्या जागेवर जाऊन बसले.

"पूर्णगडपर्यंत ने," ते बायकोला म्हणाले. "जरा हळू."

यमुनाबाई काही हळू गेल्या नाहीत.