पावण्याचं जेवण झालं न्हाय

शपथा घालून बोलायची मला सवय नाही. खोटं वाटलं तर खोटं म्हणा, माझं काही अडत नाही. पण हे घडलंय, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

साल १९७८. डिसेंबर महिना. मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाकडच्या जंगलातला एक ओढा.

रात्र नव्हती. भर दुपार होती. चांगलं ऊन पडलं होतं.

मी शमशुद्दीन. कोल्हापुरात आमचं भांड्यांना कल्हई करायचं दुकान. माझे दोन दोस्त. एक बाळासो, त्याच्या मामाची जीप होती. दुसरा जोतीराम. जोत्या तालमीतला गडी. कुस्तीत डावा पाय मोडला आणि नीट बसलाच नाही, म्हणून चालताना तो पाय फरफटायचा. कुस्ती सुटली, पण खाणं पैलवानाचंच राहिलं.

माघात त्याचं लग्न ठरलं होतं. बाळासो म्हणाला, "एकदा बाशिंग बांधलं की गडी गेला कामातनं. त्याच्या आधी महिनाभर हिंडूया की."

निघताना जोत्याची आई अंबूबाई जीपपाशी आली. नवरा नव्हता, हे एकच लेकरू. मला म्हणाली, "शमशू, तू रांधणारा हाईस. माझ्या पोराला उपाशी ठिवू नगंस."

"काकू, आमी ऱ्हाऊ उपाशी. त्यो कसला ऱ्हातोय."

सुरुवातीचे दिवस झकास गेले. पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि गाडग्यातलं दही. गुऱ्हाळावर गरम काकवी. नदीत डुंबायचं, डोंगर चढायचे, दिसेल त्या झाडाखाली चूल मांडायची. जोत्याच्या सदऱ्याची बटणं लागंनात.

मग तो ओढा आला.

मी तांबडा रस्सा केला होता. भाकरी मलकापुरातनं आणलेल्या. तिघं गोल करून बसलो. जोत्याची पाठ पायवाटेकडं. त्यानं कांदा बुक्कीनं फोडला, भाकरी मोडली...

आणि पायवाटेवर आवाज आला.

कर्र... कर्र...

कोल्हापुरी चप्पल. आमच्याकडं हौशी माणसं ती मुद्दाम वाजती करून घेतात.

आता आमची रीत सांगतो. जेवताना शेजारनं कुणी गेलं, तर ओळखीचा असो नसो, "या पावणं, जेवाय" म्हणायचं. त्यानं "चालू द्या तुमचं" म्हणायचं आणि पुढं जायचं. बसत कुणी नाही. तोंडाला लागलेली सवय आहे ती.

जोत्यानं मान न वळवता म्हटलं, "या पावणं, जेवाय."

"चालू द्या" आलं नाही.

चप्पल जवळ आली. जोत्याच्या शेजारी येऊन थांबली.

मी वर बघितलं. तिथं... कुणी नव्हतं.

मगापासून ओरडणारी पाखरं गप्प झाली होती. ओढ्याचं पाणी वाहताना दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं.

जोत्यानं तोंडापाशी नेलेला घास खाली ठेवला. आपलं ताट शेजारी सरकवलं.

"चेष्टा पुरं. जेव गुमान," बाळासो म्हणाला.

"आधी पावण्याचं होऊ दे की."

आम्ही हसलो. बोलावलेला माणूस जेवल्याशिवाय बोलावणारा जेवत नाही, हीपण रीतच. चांगली सोंगं काढतोय, असं वाटलं.

भांडी गोळा करताना ते ताट मी उचललं. लख्ख होतं. चाटलेलं नव्हे. तेल नाही, ओल नाही. आम्ही जन्मभर भांडी घासून उजळणारी माणसं, पण तसलं ताट मी कधी हातात धरलं नव्हतं.

जोत्या उपाशीच उठला.

संध्याकाळी मलकापुरात खाणावळीत बसलो. जोत्यानं दोन ताटं मागितली. एक शेजारच्या रिकाम्या जागेपुढं ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन वाट बघत बसला. ताटाकडं बघत असलो तोवर काही व्हायचं नाही. जरा नजर हलली की ताट रिकामं.

"वाढा अजून," जोत्या वाढप्याला म्हणाला. "पावण्याचं झालं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. पुढं रोज तेच. पाणी तेवढं प्यायचा. सदरा अंगावर लोंबायला लागला. एकदा बाळासोनं चिडून ते ताट लाथाडलं. जोत्यानं रिकाम्या जागेपुढं हात जोडले. म्हणाला, "अडाणी हाय त्यो. मनाव घिऊ नका."

मी विचारलं, "कोण हाय रं?"

"म्हाईत न्हाय. वर बघाय धीर हुईत न्हाय. पाय दिसत्यात निस्तं."

"मग ऊठ म्हण की त्याला."

"जेवत्या पावण्याला ऊठ कसं म्हणायचं, शमशू?"

रश्शात मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा आवाजात तो हे बोलला. मला त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

आम्ही जीप कोल्हापूरकडं वळवली. त्याला आईपुढं नेऊन बसवायचं, मग डॉक्टर बघू, देवऋषी बघू. पन्हाळ्याचा डोंगर दिसायला लागला आणि जोत्यानं बाळासोचा हात धरला.

"थांबीव. ह्याला घरी न्यायचं न्हाय."

"का?"

"आई वाढंल. वाढून वाट बघत बसंल. मी तरी तगलोय. ती तगायची न्हाय."

"मग मरतोस काय हितं?"

"जिथनं बोलावला तिथं सोडून येतो."

परत तोच ओढा. तीच दुपार. मी चूल मांडली, रस्सा केला. हात आपोआप चालत होते, डोकं बंद पडलं होतं. जोत्यानं एक ताट वाढून शेजारी ठेवलं. ते रिकामं झाल्यावर पुन्हा वाढलं नाही. आधाराला झाड धरून उठला.

"पावण्याला जरा लांबवर घालवून येतो. तुमी जेवा."

दोन पावलं जाऊन थांबला.

"न्हाय आलो तर जेवाय बोलवू नका मला. एकटा न्हाय यायचो मी."

गेला. पुढं कर्र... कर्र... आणि मागं त्याच्या पायाची फरफट. वळणापलीकडं दोन्ही आवाज एकदमच बंद झाले.

आम्ही त्याच्या मागं पळालो. वळणापलीकडं सरळ मोकळी वाट होती. वाटेवर कुणी नव्हतं.

पोलीस आले, गावकरी आले, रान पालथं घातलं. गव्यानं मारला म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही. मी रडलो नाही. बाळासोपण नाही. आत काही हललंच नाही.

अंबूबाईला सगळं सांगितलं. जोत्याचं शेवटचं बोलणंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी उंबऱ्यात उभी राहून हाक मारायला लागली. "जोत्या, ये रं जेवाय."

"काकू, नका बोलवू. पाया पडतो."

"आईनं न्हाय बोलवायचं तर कुणी बोलवायचं रं?"

एकदा गेलो तर तिनं भिंतीकडंला दोन ताटं वाढली होती. स्वतः चुलीपाशी बसली होती. गालाची हाडं वर आलेली.

"तुमी जेवलासा?"

"बसल्यात की दोघं. त्यांचं हुंदे," ती म्हणाली. तोंडावर समाधान होतं.

दसऱ्याच्या आत अंबूबाई गेली. घरात धान्याचा दाणा शिल्लक नव्हता. ताटं लख्ख होती.

पुढच्या डिसेंबरात मी घरी जेवायला बसलो होतो. दुपारच होती. गल्लीतनं आवाज आला...

कर्र... कर्र...

आणि मागं फरफट.

माझ्या दारापाशी येऊन थांबली. मी मान खाली घालून जेवत राहिलो. बऱ्याच वेळानं आवाज उलटा गेला.

तेव्हापासून डिसेंबरात कधीतरी येतोच. बाहेर कोण उभा आहे ते मला माहीत आहे. उपाशी आहे, तेपण माहीत आहे. माझ्या हातचा रस्सा त्याच्याइतका कुणाला आवडला नाही. दोन शब्द बोलायचे असतात, तेवढे मी बोलत नाही. आमच्याकडं कुणीच जेवताना कुणाला या म्हणत नाही. लोक माणूसघाणा म्हणतात. म्हणू देत.

बाळासो गेला. माझंही वय झालं. आता तोंड पूर्वीसारखं ताब्यात राहत नाही.

आज दुपारी ती फरफट दाराशी आली. फार हळू झाली होती. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "जोत्या..."

तेवढंच. पुढचं घासाबरोबर गिळलं.

बायको मलिका आतनं म्हणाली, "कोण आलंय?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो.

आता दिवेलागण झाली. परत जायचा आवाज अजून आलेला नाही.

मलिकानं आत्ता जेवायला ताटं मांडली. घरात आम्ही दोघंच असतो. ताटं चार आहेत.