डावखुरी गाठ

बाळकुमच्या कोळीवाड्यात फाटलेलं जाळं दाजीकडेच यायचं. जाळ्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, हा ताठा त्याच्या अंगात मुरला होता. बायको सगुणा डावखुरी. तिच्या गाठी उलट्या पडतात म्हणून तो तिला जाळ्याला हात लावू देत नसे.

अठ्ठ्याण्णव साली सगुणाच्या जठराचं खालचं तोंड कॅन्सरने बुजलं. घोटभर पेजसुद्धा पुढे सरकेना, सगळं उलटून पडे. ठाण्याच्या डॉक्टरांनी बारीक तारांनी विणलेली एक नळी दाजीच्या हातात दिली. "आजार बरा होणार नाही, दाजी. पण ही आत बसवली की वाट मोकळी होईल. पेज खाली उतरेल."

दाजीने नळी उजेडात धरून तिच्या विणीतले डोळे निरखले. "हे तर जालं हाय," तो म्हणाला. "जाल्यात अडकतं डॉक्टर, सुटत नाय. तिला नको हाय."

सगुणाला त्याने विचारलंच नव्हतं. ती पडद्यापलीकडच्या खाटेवर जागीच होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मना इचारलंस तरी का?" पुढचे एकवीस दिवस ती पेज मागत राहिली, ओकत राहिली. मग गेली.

दाजीने बायकोचं फार केलं, असं लोक म्हणायचे. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेराव्यानंतर त्याने पडवीत टांगलेलं कोरडं जाळं कामाला घेतलं. मासळी साठते त्या निमुळत्या टोकाशी भाताची शितं अडकली होती. मांजराने सांडली असतील म्हणून त्याने ती झटकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा शितं, तीही कोमट. सगुणा गेल्यापासून घरात पेज रांधलीच नव्हती.

लेक मालू माहेरी आली होती. ती बघतच राहिली. "बाबा, आयची पेज अशीच उलटून पडायची."

दाजीला मान वर करवेना. "मीच नको बोललो, मालू. तिला इचारलंच नाय."

मालू उठून आत गेली आणि संध्याकाळच्या गाडीने सासरी निघून गेली.

दाजीने कोयत्याने जाळ्याचं टोक कापून टाकलं. हात जोडले. "चुकलो, सगुणा. घे, वाट मोकळी केली."

सकाळी टोक शिवलेलं होतं.

त्याने गाठी चाचपल्या. घट्ट होत्या.

सगळ्या उलट्या पडलेल्या.

आत मूठभर शितं वाफाळत होती.