एकतीस इंचांचा ओटा

स्वयंपाकाचा ओटा साधारण चौतीस इंच उंच धरतात. त्याच्या नकाशात तो एकतीस इंच होता. तिने पट्टी उचलून पुन्हा लावली. एकतीसच.

"इथे चुकलंय."

"नाही चुकलं," तो समोरच्या टेबलावरून म्हणाला. "तुझ्या कोपराला तेवढीच उंची लागते. मी... बघितलंय."

कधी बघितलं, हे तिने विचारलं नाही. कानशिलं मात्र गरम झाली.

तीन वर्षांपूर्वी भर पावसात, प्रिंटच्या दुकानात दोघांच्या नकाशांच्या गुंडाळ्या बदलल्या होत्या. घरी येऊन उलगडते तर नकाशा भलत्याच कुणाचा, आणि जिन्याला एक पायरी कमी. तिला राहवेना. लाल पेन्सिलीने तिने ती घातली. दुसऱ्या दिवशी तो तिची गुंडाळी घेऊन आला, तर तिच्या कोऱ्या भिंतीत त्याने एक छोटीशी खिडकी काढलेली. एकमेकांच्या भाषेत दोघांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पण वर्षाच्या आत एका खोलीत दोन टेबलं आली आणि दारावर एकच पाटी, दोन लिप्यांतली.

मराठी तो साइटवरच्या मिस्त्रींकडून शिकला. त्यांचं ऐकून तिला 'ताई' म्हणायला लागला, तेव्हा मिस्त्रीच ओरडले, "अरे बाबा, आम्ही म्हणतो ते ठीक. तू म्हणशील तर जन्माचं नुकसान करून घेशील!" तेव्हापासून तो तिला काहीच म्हणत नसे. नुसता बघायचा, आणि ती "काय?" म्हणायची.

आता त्याचे वडील गेले होते. दूर त्याच्या गावी आई एकटी. गुरुवारी तो कायमचा निघणार होता, आणि हा नकाशा तिथल्या घराचा होता. त्याच्या, आईच्या आणि हिच्या. हिच्या बाबांच्याही. अर्धांगवायूने बाबांचं बोलणं नेलं होतं. चार-पाच आवाज तेवढे उरले होते. त्यांच्यासाठी तळमजल्यावर खोली, चाकाची खुर्ची जाईल एवढं दार, उंबरा नाही. त्याने सगळा विचार केला होता.

"येशील?" एवढंच त्याने विचारलं होतं, आणि आठ दिवस ती उत्तर द्यायचं सोडून चुका काढत होती.

"मोरीचा उतार उलटा आहे."

"करतो."

"बाबांच्या खोलीत दुपारचं ऊन येईल."

"छज्जा देतो. अजून?"

सकाळी दुरुस्त नकाशा तिच्या टेबलावर हजर.

काल न्हावी बाबांची दाढी करायला घरी आला होता. बाबांनी घशातून एक आवाज काढला. "कळलं, काका," न्हावी म्हणाला, "मिशीला हात लावत नाही." शेजारच्या काकूंनाही कळायचं, पेपरवाल्यालाही. तिकडे कुणाला कळणार होतं? पहिल्या वर्षी दुकानात बोट दाखवून साबण मागताना लालबुंद झालेला तो तिला आठवला. त्याचं निदान शिकायचं वय होतं.

एक थेंब नकाशावर पडला. शाई पसरली.

तो उठून जवळ आला. अगदी मिस्त्रींच्या सुरात म्हणाला, "गळती कुठून आहे?"

ती हसली, आणि मग जास्तच रडली.

"मी राहू?" त्याने हळूच विचारलं.

"आणि आई?"

दोघं एकाच कागदाकडे बघत राहिले. खांदे टेकलेले, हात मात्र आपापल्या जागी.

"सांग," शेवटी तो म्हणाला. "अजून काय चुकलंय? रात्रीत करतो."

तिने पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत नजर फिरवली. सावकाश, काही सापडावं म्हणून.

"काहीच नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

"मग...?"

"मी येत नाही."