एशातीचा कागद

हमूदने आधी एशातीचा कागद पाहिला, मग एशातीला. ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही… आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

झांझिबारच्या फ्रेंच वकिलातीत त्या सकाळी कोमोरी लोकांची रांग लागली होती. वर्षातून एकदा आपला संरक्षणाचा कागद आणायचा, त्यावर शिक्का मारून घ्यायचा, की सुलतानाचा कोतवाल असो नाहीतर इंग्रजाचा शिपाई, केसाला धक्का लावायची कुणाची छाती नाही. एशातीचे वडील फ्रेंचांच्या कोमोर बेटांवरून आलेले. ते गेले, दोन वर्षांमागे आईही गेली. मागे राहिलं एक घर, टोप्या शिवायच्या सुयांचा डबा आणि हा कागद. पायऱ्या उतरताना समुद्रावरून वारा आला आणि कागद नेमका तिच्या हातून उडाला. खाली उभ्या असलेल्या एका उंच नाखव्यानं तो झेलला, शिक्का पाहिला, नाव वाचलं, आणि मग मान वर केली.

"तुमचा का हा?"

"नाही, वाऱ्याचा आहे. द्या इकडे!"

तो हसला. हसू मोठं छान होतं, आणि एशातीला त्याचाच राग आला.

कारण बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की बायको फ्रेंच कागदाची असली तर नाखव्याच्या गलबताला फ्रेंच निशाण मिळतं. मग गुलामांच्या शोधात फिरणाऱ्या इंग्रजांच्या पहाऱ्याच्या बोटी त्याला अडवत नाहीत. एशातीला तीन स्थळं आली होती. पहिल्यानं विचारलं, कागद आईच्या नावाचा की बापाच्या? दुसऱ्यानं तो उजेडात धरून पाहिला. तिसरा आला तो लेखनिकाला बरोबर घेऊनच. तिला भात आवडतो की मासळी, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. संध्याकाळी ती एकटीपुरतं रांधायला बसे आणि हात सवयीनं दोघींचे तांदूळ घेई. उरलेला भात सकाळी शेजारच्या बी तुमूच्या कोंबड्यांना जाई.

तिसऱ्या दिवशी हमूद तिच्या दाराशी हजर झाला. ओट्यावर बी तुमू गोड पुऱ्यांसारख्या मांडाझी तळत बसली होती. वय सत्तर, आणि कान मात्र विशीतले.

"टोपी शिवून हवी," तो म्हणाला. "बारीक नक्षीची."

"जुनी टोपी द्या मापाला," एशाती दाराआडून म्हणाली.

"जुनी नाही. समुद्रात गेली."

"डोकं तरी आणलंत ना?" बी तुमूनं विचारलं.

तो ओट्यावर बसला आणि मान खाली घातली. एशातीनं दोरा घेतला. कपाळावरून कानामागे, कानामागून पुन्हा कपाळावर… बोटं त्याच्या केसांना लागली तसा दोरा सुटला. पुन्हा धरला. पुन्हा सुटला.

"माझं डोकं इतकं मोठं आहे?" तो हळूच म्हणाला.

"आत काय काय भरलंय त्यावर असतं ते."

टोपी आठवड्यात झाली. मग ती घट्ट होते म्हणून तो आला, सैल होते म्हणून आला, आणि एकदा तर काहीच होत नाही म्हणून आला. येताना ओमानचा खजूर आणायचा, बी तुमूच्या मांडाझी खायचा आणि सूर या आपल्या गावच्या गोष्टी सांगायचा. एक दिवस एशातीनं सरळच विचारलं, "तुमच्या गलबतात माणसं असतात? विकायची?"

"खजूर असतो. सुकी मासळी असते. परतताना खांबांची लाकडं." त्याचा चेहरा गंभीर झाला. "पण इंग्रज सगळा माल उपसून पाहतात. तेवढ्यात वारा निघून जातो."

म्हणजे निशाण हवंच होतं तर. दुसऱ्या सकाळी सगळाच भात कोंबड्यांना गेला. तो आला नाही तर दिवस जात नाही, आणि येतो तो कशासाठी हे कळत नाही, अशी तिची गत झाली होती.

एप्रिल लागला. वारा फिरला, उत्तरेची गलबतं एकेक करून निघू लागली. हमूद आला तो टोपी हातात घेऊन.

"एशाती… माझ्याशी लग्न कराल?"

"उद्या सांगते," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती वकिलातीत गेली. म्हाताऱ्या कारकुनानं, ज्याला सगळे आदरानं म्झे सुफू म्हणत, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, वहीतलं नाव एकदा खोडलं की पुन्हा लिहिता येत नाही. तुला मागे ना पुढे कुणी. एवढा एकच आधार आहे."

"म्हणूनच खोडा, म्झे. हा असेपर्यंत मला दुसरं काही कळायचं नाही."

हमूद दुपारी आला. तिनं ओट्यावरूनच सांगितलं, "कागद गेला. मी नाव खोडून आले. आता बोला."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"खरं सांगू? पहिल्या दिवशी मी कागदासाठीच आलो होतो. भावांनी त्यासाठीच पाठवलं होतं."

"आणि नंतर?"

तो वळला आणि झपाझप गल्लीतून निघून गेला.

"गेला!" बी तुमू कपाळाला हात लावून म्हणाली. "अगं, आधी लग्न करायचं, मग खरंखोटं बघायचं! आम्ही काय केलं?"

एशाती गच्चीवर गेली. उन्हं कलत होती. निळ्या पट्ट्याचं त्याचं गलबत शीड उभारून बंदराबाहेर पडत होतं, आणि त्यावर सुलतानाचं लाल निशाण होतं. ती बघत राहिली. हवं ते उत्तर मिळालं होतं, फक्त ते इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं. तिनं गच्चीच्या कट्ट्यावर डोकं टेकलं आणि आई गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली.

"एशाती! खाली ये!" बी तुमूची हाक आली. "मेला परत आलाय!"

हमूद ओट्यापाशी उभा होता. पायाशी त्याची लाकडी पेटी होती, आणि धावल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"गलबतावरच्या भावाला सुकाणू दिलं," तो म्हणाला. "तो म्हणाला, निशाणाशिवाय आलास तर घरी येऊ नकोस. मग म्हटलं… नाहीच येत."

"तेवढं सांगून तरी जायचं होतं!" तिचा आवाज फाटला.

"थांबून बोललो असतो, तर गलबत माझी पेटी घेऊन गेलं असतं. तूच सांग, आता मला गलबत नाही, निशाण नाही. चालेल तुला?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. एशातीनं डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली.

बी तुमूनं कढई तशीच चुलीवरून उतरवली आणि दोघांना काझीकडे हाकलत नेलं. काझींनी वही उघडली, बोरू शाईत बुडवला. प्रत्येक लग्न कुठल्या ना कुठल्या वकिलातीला कळवावं लागे, त्यामुळे त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "वधू कुणाच्या संरक्षणाखाली?"

"कुणाच्याच नाही."

"असं कसं? मग हे लग्न मी कळवू कुणाला?"

"कुणालाच नको, काझीसाहेब," एशाती म्हणाली. "आम्हा दोघांना कळलंय, तेवढं पुरे."