रविवारचा सर्व्हर

माझं काम काय आहे, हे सासरी कुणालाच कधी नीट कळलं नाही. मोठ्या जाऊबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची धाकटी कॉम्प्युटरसमोर बसून बस बघते." एका अर्थी ते खरंच होतं. आमच्या कंपनीचं ॲप पालकांना शाळेची बस फोनवरच्या नकाशात दाखवायचं. सकाळी सगळ्या आया एकदम ॲप उघडतात, दुपारी पुन्हा उघडतात, मधल्या वेळात कुणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून सकाळी भाड्याचे सर्व्हर वाढवायचे, मग कमी करायचे, दुपारी परत वाढवायचे आणि रविवारी थेट शून्यावर आणायचे. त्यासाठी दिवसभर कुणी बटणं दाबत बसत नाही. प्रत्येक शाळेचं वेळापत्रक एकदा भरून ठेवलं, की सर्व्हर आपोआप चालू होतात आणि आपोआप बंद होतात. ही वेळापत्रकं मी भरायचे. जाऊबाईंना ते सात जन्मांत जमलं नसतं.

घर एकच होतं. त्या खाली, आम्ही वर. माझा नवरा सदा फिरतीवर, त्यामुळे जिन्यातून वरखाली जे काही व्हायचं ते आम्हा दोघींमध्येच. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच बसने शाळेत जायची. तो तिचा दादा. तिचं दप्तर तो उचलायचा आणि त्याचं श्रेय जाऊबाई घ्यायच्या.

पहिली ओळ उगवली ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका शाळेच्या वेळापत्रकात. मंगळवार, सकाळी अकरा, सर्व्हर दोनाऐवजी सहा. अकरा वाजता मुलं वर्गात असतात आणि बसगाड्या मैदानात रिकाम्या उभ्या असतात. ओळ कुणी भरली त्याचं नाव शेजारी दिसतं, तिथे काहीच नव्हतं.

आमच्या मॅनेजरला आम्ही पाठीमागे 'काटकसर' म्हणायचो. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"ही उधळपट्टी कुणाची?"

"माझी नाही."

"मग काय तुझ्या सासूची?"

मी हसले, कारण तो मॅनेजर होता. ओळ काढून टाकायची दोघांनाही आठवण राहिली नाही. मंगळवारी त्या शाळेची सहल निघाली होती आणि वाटेत बसच्या इंजिनाने पेट घेतला. मुलं वेळेत उतरली. मात्र बातमी फुटताच सगळ्या पालकांनी एकदम ॲप उघडलं, आणि सहाच्या सहा सर्व्हर आधीपासून चालू असल्यामुळे ॲप एकदाही अडखळलं नाही.

दुसऱ्या ओळीत आकडा चौदा होता. शाळा वेगळी, वेळ दुपारी सुटतानाची. ती मला आधीच दिसली होती. बघू या तरी, असं म्हणून मी ती राहू दिली. बसला चौकात ट्रकने ठोकलं. तिथे मात्र सगळी मुलं वेळेत उतरली नाहीत.

दोन्ही ओळी माझ्याच असं धरून काटकसरने मला मीटिंगमध्ये उभं केलं. "हिला आधीच कळतं," तो म्हणाला. "पोटातून कळतं." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. विनय मला चांगला जमतो. त्या रात्री झोपही व्यवस्थित लागली, उगाच खोटं कशाला बोलू?

तिसरी ओळ आमच्या शाळेच्या वेळापत्रकात आली. गुरुवार, दुपारी तीन, सर्व्हर चाळीस.

आकडा जितका मोठा तितकं वाईट, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. मी ओळ पुसली. चहा घेऊन आले तर ती जागच्या जागी. पुन्हा पुसली, पुन्हा आली. तेव्हा मी माझ्या कामातलं शेवटचं हत्यार काढलं. वेळापत्रक काहीही मागो, एका शाळेला जास्तीत जास्त किती सर्व्हर द्यायचे, त्याला वेगळी मर्यादा घालता येते. ती मी दोनवर आणली. इतक्या लोकांनी बस बघावी असं काही घडणार, म्हणून चाळीस सर्व्हर लागणार. मग मी चाळीस होऊच दिले नाहीत तर? आज हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा मात्र तो मला अगदी चोख हिशेब वाटला.

तरी मुलीला मी घरी ठेवलं. मर्यादेवर माझा विश्वास होता, पण मुलगी एकच होती.

गुरुवारी सकाळी जाऊबाई जिन्यात आल्या. पुतण्या फाटकापाशी उभा राहून बुटाने माती उकरत होता.

"हिचं आवरलं नाही अजून?"

"ताप आहे, ताई."

त्यांनी मुलीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताप कुठाय?"

"पहाटे होता."

"तुमचं आपलं काहीतरीच. जरा शिंकली की घरी. आमच्याकडे नाही बाई असले लाड."

मी तोंड उघडलं होतं. यालाही आज राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण कारण विचारलं असतं आणि मी ते सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत वर्गातल्या सगळ्या आयांना कळलं असतं की धाकटीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग ऑफिसात कळलं असतं. टाळ्या घेतल्या होत्या मी. शिवाय ते लाडांचं वाक्य मला झोंबलं होतं. बस आली, पुतण्या चढला. मी तोंड मिटलं.

मुलगी शेजारणीकडे होती; दुपारी तीनला मी ऑफिसात स्क्रीनसमोर होते. ॲपवरच्या गर्दीचा आलेख आडवा, शांत. मग तो एकदम उभा चढला आणि माझ्या मर्यादेला टेकून तिथेच सपाट झाला. दोन सर्व्हर, आणि दारात उभे शेकडो फोन.

जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, तुमचं ते ॲप उघडत नाहीये. नुसतं चाक फिरतंय. पोरगं अजून आलं नाही घरी."

"गर्दी असेल, ताई."

"कसली गर्दी?"

मर्यादा उठवायला एक बटण पुरलं असतं. चाळीसच्या चाळीस सर्व्हर धावून आले असते आणि त्यांना निदान बस कुठे आहे ते दिसलं असतं. पण चाळीस झाले की ते खरं होणार, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. बोट बटणावर ठेवून मी नुसती बसून राहिले. त्या पलीकडून बोलत होत्या.

बस नदीच्या पुलाखाली सापडली. थोडी मुलं घरी आली. पुतण्या त्यांत नव्हता.

मर्यादा कुणी घातली, असं काटकसरने नंतर विचारलं. मी म्हटलं, "उधळपट्टी नको असं तुम्हीच म्हणता ना?" त्याने विषय बंद केला.

पुढे बरेच दिवस जाऊबाई वर आल्याच नाहीत. मग एके दिवशी जिना चढून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"हिला त्या दिवशी खरंच ताप होता?"

"होता."

"बरं झालं." त्यांनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "रविवारी हिला खाली पाठवत जा गं. घर खायला उठतं."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. रविवारी शाळा नाही, बस नाही, मग भीती कसली? मी पाठवू लागले.

अपघातानंतर बंद झालेली आमची शाळा तर अजून उघडलीच नव्हती, तरी एका शुक्रवारी तिच्या वेळापत्रकात एक ओळ दिसली. रविवार, दुपारी चार, सर्व्हर शून्याऐवजी एक.

एकच.

मी ओळ पुसण्याच्या भानगडीत पडले नाही. त्या शाळेचं वेळापत्रक, सर्व्हर, बसची नोंद, सगळंच मुळापासून काढून टाकलं. चालू होण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. तरी त्या रविवारी मुलीला वर माझ्याजवळच ठेवलं. ती जेवून झोपली, आणि तिच्याशेजारी पडल्या पडल्या माझाही डोळा लागला.

फोनच्या आवाजाने जाग आली. ॲप म्हणत होतं, 'तुमची बस थोड्याच वेळात पोहोचेल.'

शेजारी मुलगी नव्हती.

नकाशावर हिरवी बस होती. पुलाकडून येणाऱ्या रस्त्यावर ती सावकाश सरकत होती, प्रत्येक थांब्यावर थांबत होती.

लॅपटॉप उशाशीच होता. मी काढून टाकलेली शाळा जागेवर होती. एक सर्व्हर चालू होता. त्याला दोन फोन जोडलेले होते.

एक माझा.

मी हाक मारली. खाली कडी वाजली.

धावत खिडकीशी गेले. रस्ता रिकामा होता, ऊन पडलेलं. फाटक सताड उघडं होतं. तिथे उभ्या जाऊबाईंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात माझ्या मुलीचा हात. मुलीच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, वेण्या घट्ट घातलेल्या होत्या.

"ताई," मी ओरडले. "ताई, थांबा."

त्यांनी वर पाहिलं नाही.

मुलीने एक पाय उचलला आणि जिथे काहीच नव्हतं तिथे टेकवला. तो टिकला. मग तिने दुसरा उचलला.

जाऊबाईंनी तिचा हात सोडला आणि त्या मान उंच करून, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हिला खिडकीशी बसव रे. हिला गाडी लागते."