पडद्यावर येईपर्यंत

शवागाराच्या वेबसाइटचं काम ऑफिसात कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. काम तसं साधं. बेवारस सापडलेल्या चारशे बारा माणसांचे फोटो, प्रत्येकाखाली नंबर, तारीख, उंची. ज्यांच्या घरातलं कुणी हरवलंय असे लोक तिथे येत, बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसत आणि माउसचं चाक फिरवत खाली खाली जात.

तक्रार एकच होती. पान उघडायला दहा मिनिटं लागायची. मी त्यात लेझी लोडिंग टाकलं. म्हणजे सगळे फोटो एकदम मागवायचे नाहीत. जो पडद्यावर येईल तेवढाच मागवायचा, तोवर त्याच्या जागी करडा चौकोन.

"लेझी म्हणजे आळशी ना?" तिथले कारकून म्हणाले. लोकांच्या अर्जांतलं शुद्धलेखन सुधारायची त्यांना खोड होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. "आमच्या जावयासारखं. कुणी समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय हलायचं नाही."

तीन आठवड्यांनी वरून ईमेल आला. फोटो दिसतच नाहीत.

मी माझ्या मशीनवर पान उघडलं आणि तळापर्यंत गेले. चारशे बारा करडे चौकोन. फोटो सर्व्हरवर जागच्या जागी होते, पण त्यांच्यासाठी माझ्याकडून एकही मागणी गेलेली नव्हती. ब्राउझरच्या मते ते चौकोन अजून कुणाच्या नजरेसमोर आलेच नव्हते.

मंगळवारी सकाळी मी शवागारात गेले. फिनेलचा वास, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या. भिंतीपलीकडे शीतपेट्यांच्या मोटारीची घरघर. कॉम्प्युटरसमोर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. करड्यामागून करडे चौकोन वर सरकत होते.

दोनशे सतराला चौकोन भरला. सावकाश, वरून खाली. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी.

"काका," मुलगी म्हणाली.

"धाकटा भाऊ माझा," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी माउसवरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला.

कागदपत्रं करून ती दोघं गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले. दोनशे सतरा पुन्हा करडा होता.

"ज्याचं त्यालाच दिसतं," मास्तर अर्ज फायलीत लावत म्हणाले. "तुम्ही ते नवीन केलंत तेव्हापासून. मला वाटलं, मुद्दामच तसं बनवलंय."

"असं काही बनवता येत नाही, मास्तर."

"मग राहू दे ना, ताई. पूर्वी आपल्या एका माणसापायी चारशे मेलेली तोंडं बघावी लागायची. कितीजण इथेच ओकलेत."

एवढ्यात एक पन्नाशीच्या बाई आत आल्या. त्या कपडे शिवायच्या. ब्लाउजच्या खांद्याला दोन टाचण्या तशाच राहिल्या होत्या. मास्तर त्यांना शिंपीणबाई म्हणत. चार वर्षांपूर्वी त्यांचा नवरा कामावर जातो म्हणून निघाला, तो परतला नाही. दर मंगळवारी त्या यायच्या. त्यांनी सराईत बोटानं सरसर चाक फिरवलं आणि तळाशी येऊन थांबल्या.

"सगळे करडे?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे." बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे आहे कुठेतरी मेला!"

मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली, आणि आम्ही तिघंही हसलो.

तरीही चूक ती चूकच. मला ती नीट करायला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी लेझी लोडिंग काढून टाकलं. एक ओळ होती. पान उघडायला पुन्हा दहा मिनिटं लागली, पण सगळे चौकोन भरले. मी मास्तरांना फोन केला.

"आले का फोटो?"

"आले," ते म्हणाले. "सगळेच आले." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी दुपारी त्यांचाच फोन आला.

"ताई, शिंपीणबाईंनी ओळखलं."

"नवरा सापडला?"

"नवरा सहा फुटी होता त्यांचा. हा पाच फूट दोन इंच, पंचविशीचासुद्धा नाही. मी हात जोडले, म्हटलं, बाई, नीट बघा. त्या म्हणाल्या, तोच आहे, त्यानं माझ्याकडे पाहिलं."

"फोटोतल्या माणसानं?"

"डोळे मिटल्याशिवाय आम्ही फोटो काढत नाही, ताई. मी स्वतः मिटतो, या हातांनी." पलीकडे मोटारीची घरघर ऐकू येत होती. "सही करून गेल्या. आता येणार नाही म्हणाल्या."

मी फोन ठेवला. बाईंच्या चार वर्षांच्या आशेवर मी एका ओळीनं बोळा फिरवला होता. मग मी ती ओळ परत घातली, अक्षर न् अक्षर पूर्वीसारखी. पान उघडलं. चौकोन करडे आले आणि पडद्यावर येताच एकेक भरत गेले. माझ्यासमोर. यातलं माझं कुणीच नव्हतं.

सगळे जेवायला गेले होते. खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं. मी सावकाश खाली सरकत गेले. एक, दोन, तीन. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

शंभरपर्यंत मिटलेले.

मग मी वेग वाढवला.

पडद्याच्या खालच्या कडेशी काहीतरी हलत होतं. फोटो वर येताना त्यातल्या पापण्या मिटलेल्या नव्हत्या. मिटत होत्या. माझ्यासमोर येता येता, घाईघाईनं.

मला थांबता आलं असतं. मी चाक आणखी जोरात फिरवलं.

तीनशेच्या पुढे काहींना उशीर होऊ लागला.