हशाची जागा

काळ्या फिती शिवायला काही फार अक्कल लागत नाही. कापड कापायचं, कडा दुमडायच्या, मशीन मारायचं, झाली फीत. तरी त्या सकाळी वहिनीच्या हातून सारखा दोरा तुटत होता, आणि सुई बोटात जाता जाता राहिली. तिने मशीन थांबवलं, डोळे पुसले, आणि स्वतःलाच म्हणाली, "रडायचं तर रड, नाहीतर शिव. दोन्ही एकदम जमायचं नाही."

तिचं दुकान म्हणजे थिएटरच्या शेजारच्या बोळातली एक खोली. कपडे सैल करून देणं, घट्ट करून देणं, चेन बदलणं, असली कामं. फिती मागवल्या होत्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने. हा बेकरीवाला आखूडरावच्या चाहत्यांचा अध्यक्ष. त्याला कोणी निवडून दिलेलं नव्हतं. पण हसताना त्याचं पोट असं काही हलायचं की त्याच्या शेजारची खुर्चीही करकरायची, म्हणून सगळ्यांनी त्याला मुकाट्याने अध्यक्ष मानून टाकलं होतं.

आणि आखूडराव? तो तर नट. खरं नाव पोस्टरवर असायचं, पण ते वाचतंय कोण! पहिल्या सिनेमापासून शेवटच्यापर्यंत त्याने एकच कोट घातला, आणि त्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या पार वर. लोकांनी बारसं करून टाकलं. वहिनीला शिवणकामातली माणूस म्हणून त्या बाह्या बघवायच्या नाहीत. "मला एकदा सापडू दे तो कोट, उसवून लांब करून देते," असं ती दर सिनेमाला म्हणायची. आता तो आखूडराव गेला होता, झोपेतच गेला, आणि दुपारच्या खेळाला त्याचा घड्याळजीचा सिनेमा पुन्हा लावायचा ठरला होता. आधी फिती बांधायच्या, मग सिनेमा बघायचा.

आता वहिनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. तिचा नवरा त्याच थिएटरात डोअरकीपर होता. त्यामुळे ती थिएटरातल्या सगळ्यांची वहिनी. आणि तिचं हसू! एकदा सुरू झालं की आवरायचं नाव नाही. आखूडरावचा सिनेमा असला की ती मधल्या रांगेत बसायची, पहिली हसायची, आणि तिच्यामागे अख्खा हॉल. पुढे पुढे तर अशी सवय लागली की वहिनी हसेपर्यंत कोणी हसायचंच नाही. विनोद झाला की माना आधी तिच्याकडे वळायच्या.

ही कीर्ती खुद्द आखूडरावच्या कानावर गेली. एकदा तो गुपचूप येऊन मागच्या रांगेत बसला, आणि खेळ संपल्यावर नवऱ्याने वहिनीला त्याच्यासमोर उभं केलं. तो म्हणाला, "वहिनी, वाक्य बोलणं सोपं असतं हो. वाक्यानंतर हशाची जागा सोडायची असते, ते खरं काम. इथून पुढे मी जागा सोडणार ती तुमच्यासाठी. तुम्ही हसल्याशिवाय मी पुढचं वाक्य बोलत नाही, जा. दिला शब्द." तिघंही हसले. नवरा तर किती दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

नवऱ्याला जाऊन आता वर्ष होऊन गेलं होतं, आणि त्या दिवसापासून वहिनी हसली नव्हती. हसू यायचं नाही असं नाही. पोटातून निघायचं, वर यायचं, आणि घशात आलं की विरून जायचं. घरी एकुलती एक लेक. ती बिचारी आईला हसवायला काय काय करायची. शेजाऱ्यांच्या नकला, कॉलेजातले किस्से. आई ओठ ताणून "छान" म्हणायची. एकदा लेक न राहवून म्हणाली, "आई, मी लहान होते ना, तेव्हा तुझं हसणं ऐकू आलं की वाटायचं, चला, घरात सगळं ठीक आहे. आता घरात पाऊल टाकलं की भीती वाटते गं." हसू परत यावं म्हणून वहिनीने काहीही दिलं असतं.

तर फितींची पिशवी घेऊन ती थिएटरात गेली. हॉल भरलेला. पण आवाज नाही. बेकरीवाल्याने फिती वाटल्या, दोन शब्द बोलायला उभा राहिला आणि हुंदका आला म्हणून बसला. बसता बसता वहिनीकडे वाकून म्हणाला, "वहिनी, आज रडायचं नाही असं ठरवलंय आम्ही. त्याला हसून निरोप द्यायचा. पण सुरुवात तुम्हीच केली पाहिजे. तुमच्याआधी हसायला कोणी धजतच नाही."

"भाऊ, मला जमायचं नाही."

"जमेल हो. घड्याळाच्या प्रसंगाला तर जमेलच जमेल."

दिवे गेले. बंद हॉलचा तो नेहमीचा गारवा, जुन्या खुर्च्यांचा वास. पण आज त्यात आणखी एक वास मिसळलेला होता, डांबरगोळ्यांचा. फार दिवस पेटीत ठेवलेला कोट कोणीतरी जवळच झटकावा, तसा. वहिनीने आजूबाजूला पाहिलं. कोट कोणाच्याच अंगात नव्हता.

पडद्यावर आखूडराव आला आणि हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज झाले. सिनेमा सगळ्यांना पाठ. घड्याळातलं ओ की ठो कळत नसताना तो घड्याळजी बनून एका बड्या घरात शिरतो. भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ. घरमालक कमरेवर हात ठेवून विचारतो, "तुम्हाला घड्याळातलं कळतं तरी काय?" आणि आखूडराव शांतपणे म्हणतो, "मला काहीच कळत नाही. पण घड्याळाला ते माहीत नाही ना!"

आणि थांबतो. इथे तो थांबतोच. हीच ती जागा. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते.

माना वहिनीकडे वळल्या. तिने तोंड उघडलं. पोटातून निघालं, वर आलं... आणि विरलं. तिने मान खाली घातली. कोणीच हसलं नाही.

आखूडराव थांबूनच होता.

"अडकला वाटतं सिनेमा," मागून कोणीतरी पुटपुटलं. पण अडकला म्हणावं तर लंबक हलत होता. टिकटिक चालू होती. घरमालकाची पापणी लवत होती, आणि कमरेवरचा हात अवघडल्यासारखा त्याने जरासा हलवला. तो आखूडरावकडे बघत होता, आणि आखूडराव हॉलकडे.

बेकरीवाला उठून वर ऑपरेटरच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. "ऑपरेटर म्हणतो..." तो वहिनीच्या कानाशी कुजबुजला, "म्हणतो, अडकलेलं नाही. नीट चालू आहे. एवढा लांब प्रसंग या सिनेमात... नाहीच आहे."

उठून जावं असं कोणाला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे. पुढच्या रांगेत एकाने उगाच घसा साफ करून "हा हा हा" केलं. पडद्यावरची नजर सावकाश त्याच्याकडे वळली. आखूडरावने मान हलवली. नाही, म्हणाला. तोंडाने नाही, नुसत्या मानेने. तो माणूस खुर्चीत असा खाली सरकला की दिसेनासाच झाला. मग ती नजर एकेक रांग चढत मागे आली आणि मधल्या रांगेत थांबली. वहिनीवर.

"वहिनी..." बेकरीवाला पुन्हा तिच्याकडे वाकला. "हसा ना... तो थांबलाय."

"येत नाही हो... काय करू..."

डांबरगोळ्यांचा वास आता नाकात झोंबायला लागला होता. तुम्ही हसल्याशिवाय मी पुढचं वाक्य बोलत नाही. दिला शब्द. अरे देवा, ती मनात म्हणाली, ती थट्टा होती ना... तेव्हा तर थट्टा होती.

आणि तेवढ्यात आखूडरावने हात उचलला. आखूड बाही आणखी वर सरकली. त्याने कोटाचा वरचा खिसा चाचपला. मग खालचे. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. मग वैतागून कपाळावर हात मारला, तिथे काहीतरी हाताला लागल्यासारखा दचकला, आणि डोळे बारीक करून, ओशाळून, सरळ वहिनीकडे पाहिलं.

त्या सिनेमात आखूडरावला चष्मा नव्हता. कुठल्याच सिनेमात नव्हता. चष्मा होता तिच्या नवऱ्याला. रोज सकाळी तो कपाळावर चढवायचा आणि घरभर शोधायचा. खिसे चाचपायचा, टेबलाखाली वाकायचा, कपाळावर हात मारायचा आणि असाच ओशाळून बघायचा. मुद्दाम करतो हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती रोज सकाळी हसायची. हे त्या दोघांखेरीज फक्त लेकीला माहीत होतं. याला कोणी सांगितलं? तिथे गेल्यावर... गाठ पडली का यांची?

आधी नाकातून फुस्स झालं. मग खांदे हलले. मग असं फुटलं ते हसू, वर्षभर कोंडलेलं, खो खो खो, की तिला श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी, तोंडावर पदर. आणि तिच्यामागे अख्खा हॉल सुटला. बेकरीवाल्याचं पोट गदागदा हलू लागलं, त्याच्या शेजारची खुर्ची करकरू लागली. रडता रडता माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पडद्यावर आखूडरावने डोळे मिटून घेतले, उन्हातून आलेला माणूस पाणी पिऊन झाल्यावर मिटतो तसे. मग उघडले, आणि पुढचं वाक्य बोलला.

खेळ सुटला तेव्हा सगळे हलके झाले होते. घडलेल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वहिनी तर जवळजवळ पळतच घरी निघाली. लेकीला ऐकवायचं होतं.

दारातच ती म्हणाली, "सांग बरं एखादी गंमत. कुठलीही सांग."

लेक आधी बघतच राहिली. मग तिने वरच्या मजल्यावरच्या काकूंची नक्कल केली, आणि झकास केली. वहिनीला हसू आलं, अगदी पोटातून आलं. तिने तोंड उघडलं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज नाही. नुसती हवा. लेकीचा चेहरा उतरला. "राहू दे आई, बळेबळे नको," ती म्हणाली आणि आत निघून गेली. घसा बसला असेल, वहिनीने मनाची समजूत घातली. पण बोलायला घसा खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीवाला दुकानात आला. स्टुलावर बसला. "वहिनी, बघा हं," म्हणाला आणि हसला. पोट गदागदा हललं. स्टूल करकरलं. तोंड उघडं, गाल वर चढलेले. आणि दुकानात चिटपाखरू नसावं अशी शांतता.

"कालपासून..." तो म्हणाला. "माझंच नाही, वहिनी. ऑपरेटरचं पण. कालच्या खेळाला जे जे होते, त्यांच्या घरी जाऊन आलो. सगळ्यांचं."

दुकान तसंच त्याच्या भरवशावर टाकून वहिनी घराकडे, लेकीकडे धावली.

जिना चढताना तिला हसू ऐकू आलं. खो खो खो, श्वास अडकेपर्यंत. ती कठड्याला धरून उभी राहिली. ते हसू तिचं होतं. तिच्या स्वतःच्या घरातून येत होतं. आणि त्याच्यामागून हॉलभर माणसांचं, आणि करकरणाऱ्या एका खुर्चीचं.

दार ढकललं तर लेक टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. "आई, लवकर ये! घड्याळजीचा सिनेमा लागलाय. अगं, या जागी नुसती टिकटिक असायची ना? आता बघ, हशा टाकलाय, आणि त्यात तुझा आवाज आहे! खरंच, तुझाच!" तिचे डोळे चमकत होते. किती दिवसांनी घरात ते हसू आलं होतं.

खोलीत डांबरगोळ्यांचा वास भरला होता.

"बंद कर तो," वहिनी म्हणाली. "आधी बंद कर..."

"थांब ना, पुढचा प्रसंग तर बघू."

पडद्यावर आखूडराव पुढचा विनोद बोलला आणि थांबला. टिकटिक, टिकटिक. थांबूनच राहिला. मग त्याची नजर वळली आणि लेकीवर येऊन ठरली.

वहिनीने झेप घेतली आणि लेकीच्या तोंडावर हात दाबून धरला. "हसू नकोस... बाळा, काही झालं तरी हसू नकोस..."

आखूडरावने सावकाश हात उचलला. कोटाचा वरचा खिसा चाचपला. मग खालचे. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"आई..." हाताखालून लेकीचा दबलेला, आनंदलेला आवाज आला. "अगं, हे तर... बाबा करायचे!"

आणि तळहाताखाली तिचे ओठ फाकायला लागले.